कोरे चार बाइट

खडूस हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण ऑफिसात खरं नाव विचारलं असतं तर पाचातल्या चौघांना डोकं खाजवावं लागलं असतं. त्याला स्वतःला हे टोपणनाव चांगलं ठाऊक होतं. एकदा कुणीतरी प्रिंटरवरचे त्याचे कागद बाजूला काढून वर 'खडूससाठी' अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. त्याने कागद उचलले, चिठ्ठी वाचली आणि चिठ्ठीवर तारीख का नाही, असं सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. नावाबद्दल चकार शब्द नाही. अशा माणसाला चिडवून तरी काय मिळणार?

वय त्रेपन्न. उंच, जरा वाकलेला, कपाळावर तीन आठ्या कायमच्या मुक्कामाला. कंपनी दवाखान्यांसाठी यंत्रं बनवायची. खाटेशेजारी उभी राहून रोग्याच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारी यंत्रं. त्यांच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटात कर्नेल नावाचा मुख्य प्रोग्राम. कुणी कधी काम करायचं आणि कुणी थांबायचं, हे तो ठरवतो. तो कर्नेल क्षणाक्षणाला काय करतोय हे टिपून ठेवणारं एक टूल होतं, आणि ते टूल खडूसचं होतं. म्हणजे होतं कंपनीचंच, पण त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. यंत्र कुठे अडखळलं, कुणामुळे अडखळलं, हे टूलने सांगायचं आणि बाकीच्यांनी मान खाली घालून ऐकायचं, अशी तिथली बारा वर्षांची रीत होती.

आता हे टूल चालायचं कसं, ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं भांडण कशावरून झालं ते कळायचं नाही. कर्नेल एखादी घटना टिपतो ती माणसांच्या भाषेत नाही. नुसते आकडे एकाला एक चिकटवून ठेवतो. त्यांचा अर्थ लागावा म्हणून प्रत्येक प्रकारच्या घटनेबरोबर तो एक व्याख्याही देतो. ही व्याख्या म्हणजे कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला कागद समजा. पहिल्या खणात काय, दुसऱ्यात काय, तिसऱ्यात काय; आणि प्रत्येक खण तळापासून किती अंतरावर सुरू होतो आणि तो किती उंच आहे, हेसुद्धा. अशा व्याख्या दोन हजारांवर. त्या वाचून टूलला समजावून सांगणारा जो भाग, त्याला पार्सर म्हणतात. तो खडूसने एकट्याने लिहिला होता.

आणि त्यात एक गोम होती. खण कुठून सुरू होतो हा आकडा कागदावर लिहिलेला असायचा, पण खडूसचा पार्सर तो बघायचाच नाही. खालच्या खणांच्या उंचीची बेरीज करत करत तो स्वतःच वर चढायचा आणि म्हणायचा, झालं, इथून सुरू. याला कारण होतं. टूल नवं असताना एका व्याख्येत ही जागा चुकीची लिहून आली होती. खडूसने ती खरी मानली, ग्राहकासमोर रिपोर्ट मांडला आणि तो रिपोर्ट तोंडावर आपटला. तेव्हाचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "समोर येईल ते खरं मानता? शाळेत आहात का?" हे बोलणं खडूसच्या जिव्हारी लागलं. पुढच्याच आठवड्यात त्याने पार्सर नव्याने लिहिला आणि वर टीप घातली: 'दिलेल्या जागेवर विश्वास ठेवू नये. मोजावे.'

स्वभाव ऑफिसच्या खुंटीला टांगून घरी येणाऱ्यांतला तो नव्हता. सुतार मापं घेऊन गेला की हा टेप काढून पुन्हा मापं घ्यायचा. डॉक्टरांनी बायकोला लिहून दिलेलं औषध आधी पुस्तकात ताडून बघायचा. बायको म्हणाली, "शेगडी बंद केलीय, मी बघितलंय," तरी हा उठून बघून यायचा. पंचवीस वर्षांत तिने यावरून भांडणं सोडून दिलं होतं, आणि बायकोने भांडणं सोडलं याचा अर्थ घरात गोडीगुलाबी आहे असा मुळीच होत नाही.

बायकोची धाकटी बहीण दहा मिनिटांच्या अंतरावर राहायची. तिचा नवरा, म्हणजे खडूसचा साडू, त्याच कंपनीत होता. बहिणी एका ताटात जेवणाऱ्या, आणि नवऱ्यांचा अठरा वर्षं छत्तीसचा आकडा. साडू यंत्राच्या स्क्रीनचा ड्रायव्हर लिहायचा, म्हणजे कर्नेलचं बोलणं स्क्रीनला आणि स्क्रीनचं बोलणं कर्नेलला समजावणारा दुभाषी. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याने भर मीटिंगमध्ये खडूसच्या एका प्रोग्रामला 'म्हातारी' म्हटलं. उठून उभी राहीपर्यंत दिवस मावळतो म्हणाला. सगळे पोट धरून हसले. खडूस हसला नाही. त्याच संध्याकाळी त्याने साडूच्या कामातल्या चाळीस चुका क्रमवार लिहून सगळ्यांना पाठवल्या. चाळीसच्या चाळीस खऱ्या निघाल्या, हे साडूला जास्त झोंबलं.

तेव्हापासून साडू त्याला 'अहो' म्हणायचा, पण त्यात मान नव्हता. खडूस त्याला 'तू' म्हणायचा, पण त्यात जवळीक नव्हती. सुट्टीच्या दिवशी बहिणी हौसेने एकत्र जेवण ठरवायच्या आणि हे दोघे टेबलाच्या दोन टोकांना बसून आपापल्या ताटाकडे बघत जेवायचे. मीठ हवं असलं तरी बायकोकरवी मागायचे.

त्या वर्षी कंपनीने यंत्रात नवा कर्नेल घातला आणि चाचणीत यंत्र मध्येच थबकायला लागलं. अर्धा सेकंद. समोर अजून रोगी नव्हता, पण औषध सोडणाऱ्या यंत्राने अर्धा सेकंद डुलकी काढणं ही काही चेष्टा नव्हे. मोठ्या मॅडमनी, म्हणजे सगळा विभाग ज्यांच्या हाताखाली होता त्यांनी, तयार माल गोदामातच अडवला. खडूसने टूल लावलं आणि सहा दिवसांच्या नोंदी गोळा केल्या. यंत्र तीनशे बारा वेळा थबकलं होतं. प्रत्येक वेळी 'कोणामुळे' या खणात एकच आकडा होता, शून्य. यंत्राच्या भागांच्या यादीत शून्य क्रमांक स्क्रीनचा. म्हणजे साडूचा.

खडूसला आनंद झाला. यात लपवण्यासारखं काही नाही. त्या दिवशी तो कँटीनमध्ये स्वतःहून कुणाला तरी 'बसा' म्हणाला, हे बघणारे साक्षीदार आहेत. मीटिंगमध्ये त्याने रिपोर्ट भिंतीवर लावला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"तीनशे बारापैकी तीनशे बारा?" साडूने विचारलं. "एकही दुसऱ्या कुणाचा नाही?"

"वाचता येतंय ना तुला?"

"अहो, स्क्रीन बंद असतानाही यंत्र थबकलंय. तेव्हा माझा ड्रायव्हर झोपलेला असतो."

"झोपेत घाण करणारेही असतात," खडूस म्हणाला.

कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी खडूसला अडवलंही नाही. साडूचा चेहरा उतरला. सुताराच्या टेपवर विश्वास नसलेल्या या माणसाला तीनशे बारापैकी तीनशे बारा या आकड्याचा जराही संशय आला नाही. कसा येईल? निकाल मनासारखा होता ना!

पुढचे तीन आठवडे साडू आपल्या ड्रायव्हरमध्ये डोकं घालून बसला. पहिल्या आठवड्यात तो भांडायचा, दुसऱ्यात कुरकुरायचा, तिसऱ्यात बोलेनासा झाला. दाढी वाढली. खडूस येता-जाता त्याच्या टेबलाशी रेंगाळायचा आणि "सापडलं का?" विचारायचा. खरंच मदत करायची असती तर खुर्ची ओढून बसला असता. नुसतं विचारून पुढे जायचा.

सोमवारी सकाळी साडूचं पत्र आलं. 'दोष माझ्या भागात आहे हे मला मान्य आहे. तो मला सापडत नाही. ज्याला स्वतःचा दोष सापडत नाही, त्याने रोग्याच्या यंत्राला हात लावू नये. राजीनामा देत आहे.' मॅडमनी तो शुक्रवारी अकराच्या मीटिंगसाठी ठेवला. तिथे वरच्यांनी मंजूर केला की संपलं. साडूने त्या दिवसापासून ऑफिसला येणं बंद केलं आणि फोनही बंद ठेवला.

"झालं समाधान?" त्या संध्याकाळी बायकोने विचारलं.

"मी काय केलं? आकडे आहेत ते."

"आकड्यांना काय, तोंड नसतं," ती म्हणाली आणि ताट जरा जोरातच ठेवलं.

याच दिवसांत खडूसच्या मागे दुसरंच लचांड लागलं होतं. चाचणी विभागात एक बाई होत्या, सगळे त्यांना 'तिखट बाई' म्हणायचे, आणि बाई त्या नावाला जागायच्या. त्यांनी मॅडमकडे तक्रार केली होती की टूल सुरू व्हायला अकरा सेकंद लागतात, आणि दिवसातून शंभरदा सुरू करावं लागतं. कारण साधं होतं. टूल उघडलं रे उघडलं की पार्सर दोन हजार व्याख्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा, मग बघायच्या तीनच का असेनात. मॅडमनी सांगितलं, सुधारा. खडूसने आधी नाक मुरडलं, मग तीन दिवस बसून पार्सर बदलला. आता लागतील तेवढ्याच व्याख्या वाचल्या जायच्या, आणि टूल सेकंदाच्या आत उभं राहायचं. काम झकास झालं होतं. त्यालाही ते माहीत होतं.

नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणीतरी ते तपासायला हवं होतं. बुधवारी तिखट बाई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

"ही बेरीज कशाला?" त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"खण कुठे सुरू होतो ते काढायला. आणि बोट लावू नका."

"ते तर व्याख्येत लिहिलेलंच आहे."

"लिहिलेलं चुकू शकतं."

"आणि तुमची बेरीज?"

"बारा वर्षांत चुकलेली नाही."

"कुणी बघितलंय?" बाई म्हणाल्या. "नाही, सहज विचारते. बारा वर्षांत ही बेरीज दुसऱ्या कुणी तपासलीय का?"

खडूसच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. या बाईचं तोंड एकदाचं बंद करायचं, असं त्याने ठरवलं. त्याने एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. प्रत्येक व्याख्येतला प्रत्येक खण घ्यायचा, कर्नेलने दिलेली जागा आणि आपली बेरीज शेजारी शेजारी ठेवायची, आणि जिथे जुळत नाही ती ओळ छापायची. कर्नेलच्या चुकांची ही यादी तो मोठ्या अक्षरात छापून बाईंच्या टेबलासमोर चिकटवणार होता. चिकटपट्टीसुद्धा काढून ठेवली होती.

गुरुवारी जेवणानंतर प्रोग्राम चालवला. दोन हजार एकशे त्रेचाळीस व्याख्या. न जुळणारी ओळ एकच निघाली.

"सापडला!" खडूस मोठ्याने म्हणाला. एक तर एक! कर्नेल लिहिणाऱ्यांना त्याने लगेच पत्र लिहायला घेतलं, आणि त्यातला सूर त्याच्या जुन्या साहेबांच्या वरताण होता. अर्धं पत्र झाल्यावर पुरावा जोडायचा म्हणून त्याने कर्नेलचा मूळ कोड उघडला.

ती यंत्र थबकल्याची घटना होती. किती उशीर झाला तो खण, त्याच्यावर एक बारका खण, आणि त्याच्यावर, सगळ्यात शेवटी, 'कोणामुळे'. नव्या कर्नेलमध्ये कुणीतरी शेवटच्या खणाखाली चार बाइट मोकळे सोडले होते, पुढेमागे लागतील म्हणून. ती जागा कुठल्याच खणाची नव्हती, म्हणून व्याख्येत तिचं नावही नव्हतं. व्याख्या एवढंच म्हणत होती की शेवटचा खण चोविसाव्या बाइटपासून सुरू होतो. खडूसची बेरीज विसावर थांबत होती. म्हणजे 'कोणामुळे' हे वाचायला त्याचा पार्सर बरोबर त्या कोऱ्या जागेत हात घालत होता, आणि कोऱ्या जागेत शून्यावाचून दुसरं काय असणार? उशीर कुणामुळेही झालेला असो, खडूसच्या टूलला शून्यच दिसायचं. शून्य म्हणजे स्क्रीन.

त्याने सहा दिवसांच्या जुन्या नोंदी काढल्या आणि या वेळी दिलेल्या जागेवरून वाचल्या. तीनशे बारा शून्यांच्या जागी तीनशे बारा वेळा सहा आला. सहा क्रमांक धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाचा, बाहेरून विकत आणलेला. साडूचा एकही नव्हता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती त्याला शोभणारी नाही. गप्प बसणं अगदी सोपं होतं. नव्या पार्सरमधली बेरजेची ओळ गुपचूप बदलायची, पुढच्या रिपोर्टमध्ये सहा येऊ द्यायचा, आणि कुणी विचारलंच तर 'नवी आवृत्ती आहे' म्हणायचं. तोवर साडू गेलेला असता. हा विचार खडूसच्या मनात नुसता आला नाही, त्याने तो चांगला पाऊण तास केला. त्या ओळीवर कर्सर नेऊन ठेवला, परत काढला.

"काय निघालं?" जाता जाता तिखट बाईंनी विचारलं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. बाई दोन पावलं पुढे गेल्या आणि वळून बघायला लागल्या, कारण या माणसाच्या तोंडून 'उद्या' हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता.

घरी बायको भाजी चिरत होती. त्याने चप्पल काढली, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. तिला कर्नेल कळत नव्हता आणि खणही नको होते. तिने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे त्यांची चूक नव्हती."

"नाही."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"दुपारी."

"आता सात वाजलेत. दुपारपासून काय करत होतात?"

"पुन्हा तपासत होतो."

"खोटं बोलू नका," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त घाबरला. "माझी बहीण चार दिवस फोनवर नुसती रडतेय. तिचे सासरे मुलाशी बोलत नाहीत. घरात कुणी धड जेवत नाही. आणि तुम्ही तपासत होतात! मी आत्ता तिला फोन करते."

"नको. नुसत्या सांगण्याने तो मानणार नाही. त्याला वाटेल, तूच मध्ये पडून समजूत घालतेस. ऑफिसात लेखी देतो आणि कागद घेऊन जातो त्याच्याकडे. चूक माझी आहे, मीच सांगणार."

"उद्या अकराच्या आत. नाहीतर मी तुमच्या मॅडमना जाऊन सांगेन, आणि तिथून इथे परत येणार नाही. हे मात्र पुन्हा तपासून बघायची गरज नाही."

तिने सुरी उचलली आणि उरलेली भाजी चिरायला घेतली.

शुक्रवारी नऊला खडूसने विभागातल्या चौतीस जणांना पत्र पाठवलं. 'पार्सर मी लिहिला आहे. व्याख्येत दिलेली जागा न वाचता मी बेरीज करत होतो. त्यामुळे तीनशे बाराही नोंदी चुकीच्या भागाच्या नावावर गेल्या. स्क्रीनच्या ड्रायव्हरचा एकाही थबकण्याशी संबंध नाही. चूक पूर्णपणे माझी आहे.' त्यात 'नव्या कर्नेलमधील बदलामुळे' असे शब्द त्याने तीनदा घातले आणि तीनदा खोडले. पत्र गेल्यावर मजल्यावरची कुजबुज एकदम थांबली. तिखट बाईंनी पत्र वाचलं, मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि त्या पुन्हा आपल्या कामाला लागल्या. चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही.

"महिनाभर माल अडकलाय माझा. एक माणूस घरी बसलाय. आणि तुम्ही मला पत्र पाठवता?"

"चूक माझी आहे."

"ते वाचलं मी. सगळ्यांनी वाचलं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "टूल आजपासून चाचणी विभागाकडे. तुमची ओळ न ओळ त्या बाई तपासतील. काही म्हणायचंय?"

"नाही. पण त्याचा राजीनामा..."

"मी मागितला नव्हता, त्याने दिलाय. अकराच्या आत त्याने स्वतः लेखी मागे घेतला तर ठीक. एकदा वर गेला की माझ्या हातात काही नाही."

"तो फोन उचलत नाही."

"मग पाय आहेत ना तुम्हाला?"

पाय होते. ऑफिसपासूनही साडूचं घर दहाच मिनिटांवर होतं; ते अंतर खडूस सातच मिनिटांत चालला आणि तीन जिने चढून दारात उभा राहिला तेव्हा त्याला धाप लागली होती. मेव्हणीने दार उघडलं. डोळे सुजलेले. "भावोजी," ती म्हणाली, पण 'या' म्हणाली नाही. तो तसाच तिच्या बाजूने आत गेला.

खोलीत टेबलावर कागदांचा ढीग होता. साडूने आपल्या ड्रायव्हरच्या सगळ्या ओळी छापून काढल्या होत्या आणि त्यांवर लाल, निळ्या, हिरव्या पेनाने खुणा केल्या होत्या. साडू त्या ढिगामागे बसला होता. खिडकीशी त्याचे वडील पेपर वाचत होते. त्यांचा जन्म लेथ मशीनवर लोखंड कातण्यात गेलेला, आणि मुलाने कामात घाण केली हे कळल्यापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

कुणी बसा म्हणालं नाही. खडूसने खिशातला कागद काढून ढिगावर ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं. कोरे चार बाइट, वीस, चोवीस, शून्य, सहा. साडूने कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला.

"तीनशे बारा?"

"सगळे."

"माझा एकही नाही."

"एकही नाही."

साडू उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. "एकवीस दिवस!" तो ओरडला. "हे बघा, हे! साडेचार हजार ओळी. अकरा वेळा वाचल्यात. नसलेली चूक शोधत बसलो होतो मी! आणि तुम्ही रोज येऊन विचारत होता, सापडलं का म्हणून. लाज नाही वाटली?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"माहीत करून घ्यायचं नव्हतं तुम्हाला!"

हे खरं होतं. मेव्हणीने खुर्ची उचलून सरळ केली. म्हाताऱ्याने पेपरची घडी घातली आणि खडूसकडे बघितलं.

"म्हणजे याचं काम बरोबर होतं?"

"हो. अगदी बरोबर होतं."

"मग हा मला कशाला म्हणाला, बाबा, माझ्या हातून घाण झाली?" म्हातारा मुलाकडे वळला. चार दिवसांत पहिल्यांदाच तो त्याच्याशी बोलत होता. "अकरा वेळा वाचून तुला सापडली नव्हती ना? मग कबूल कशी केलीस? माझ्या हातात माप घेतलेला तुकडा असला तर मी वरच्या साहेबालाही मानायचो नाही."

साडूने हातातला कागद ढिगावर ठेवला.

"यांच्या टूलने सांगितलं म्हणून," तो म्हणाला.

"म्हणून?"

"बाबा, हा माणूस मला अठरा वर्षांत एक दिवस आवडलेला नाही. समोर आला की माझं डोकं फिरतं. आत्ताही फिरलंय. पण गेल्या बारा वर्षांत याला चुकलेलं मी कधी बघितलं नव्हतं. एकदाही नाही. माझा कोड म्हणत होता मी बरोबर आहे, यांचं टूल म्हणत होतं मी चूक आहे. मग मी म्हटलं, आपल्यालाच दिसत नसेल. मी स्वतःला खोटं ठरवलं, बाबा. यांना नाही ठरवलं."

हे सगळं तो वडिलांकडे बघून बोलला. खडूस तिथे नसल्यासारखा.

'चूक माझी' हे खडूसने पत्रात लिहिलं होतं, मॅडमसमोर न अडखळता म्हटलं होतं. इथे त्याने तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणी बघितलं असेल तर कुणी तसं दाखवलं नाही.

मेव्हणीने नवऱ्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. "साडेदहा होतायत," ती म्हणाली. "लिहा." साडूने दोन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. खडूसने कागद घ्यायला हात पुढे केला.

"नको. मी माझा नेऊन देतो."

"मग बरोबरच जाऊ."

"तुम्ही पुढे व्हा," साडू म्हणाला. "मला तुमच्याबरोबर चालायचं नाही."

खडूस जिना उतरायला लागला. बायको त्याचं ऐकायची ती भांडण नको म्हणून, ऑफिसातले ऐकायचे ते भीतीने. त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा अख्ख्या जगात एकच माणूस होता, आणि तो कोण होता हे त्याला आत्ता, या जिन्यात कळत होतं. दुसऱ्या मजल्यावर त्याचे पाय थांबले. त्याने कठडा धरला. वर दार लागल्याचा आवाज आला, मग घाईची पावलं. ती जवळ आली, त्याच्या शेजारून न थांबता गेली आणि खाली रस्त्यावर उतरली.